जीपमधली सळई

प्रिय दादा,

तुझा फोन आला की मी जी उत्तरं देते ती आता मलाच तोंडपाठ झाली आहेत. बाबा अंघोळीला गेलेत. बाबांचा आत्ताच डोळा लागलाय. बाबा कोपऱ्यापर्यंत गेलेत, आले की सांगते. हे शेवटचं तर मी बाबा समोरच्या खुर्चीत बसलेले असताना सांगितलं, आणि त्यांनी ते ऐकून पेपरचं पान उलटलं. मागच्या वेळी तू म्हणालास, अगं, माणूस दिवसातून अंघोळी तरी किती करतो? मी हसले, तूही हसलास, पण तुझं हसू अर्ध्यावर थांबलं ते मला इकडे ऐकू आलं. म्हणून हे पत्र. फोनवर मला थाप मारणं फार सोपं जातं, कागदावर तितकं जमत नाही. बाबा तुझ्याशी बोलत नाहीयेत, दादा. झोपलेले नसतात, अंघोळीला नसतात, फोन वाजला की बहुतेकदा उठून आत जातात. आणि यात तुझा काडीचाही दोष नाही. कुणाचा आहे ते सांगायला मला जीपपासून सुरुवात करावी लागेल.

तू सोडून गेलास ती जीप आणि मी हातात घेतली ती जीप यांत फारसा फरक नव्हता, फक्त गंजाने आता लाजच सोडली होती. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा इतका खाल्ला गेला होता की खालून पळणारा रस्ता दिसायचा. ब्रेक दाबला की गाडी आधी विचार करायची, मग थांबायची. स्टिअरिंग वळवायला दोन्ही खांदे लागायचे. आणि असल्या गाडीतून आपले बाबा, निवृत्त गुरांचे डॉक्टर, त्या खडकाळ चढांवरच्या गोठ्यांपर्यंत अजून जात होते. कुणाची गाय अडली की त्या माणसाला बाबांखेरीज दुसरा डॉक्टर पटत नाही, आणि बाबांना नाही म्हणता येत नाही. मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आत्याने त्यांना सरळ आपल्या घरी उचलून नेलं. तिचा हुकूम कसा असतो तुला ठाऊक आहे: धूळ नाही, धूर नाही, गाडीचं नावसुद्धा नाही. घर रिकामं झालं, मागची शेड माझ्या ताब्यात आली, आणि माझ्या डोक्यात खूळ शिरलं की बाबा परत येतील तेव्हा दारात जीप नवीकोरी उभी असली पाहिजे. मी दिवसभर लायब्ररीत दुसऱ्यांनी विस्कटलेली पुस्तकं जागच्या जागी लावणारी बाई. कुठलीही गोष्ट मुळात होती तशी परत लावली की मला बरं वाटतं.

मदतीला ठिणगी होता. तोच, तुझ्या वर्गातला. आता गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करतो, वेल्डिंग करताना चष्मा लावायचा अजूनही कंटाळा करतो आणि मग डोळे चोळत बसतो. त्याने खालचा पत्रा कापून नवा बसवला. मी चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे सोडवले. त्यातला एक बोल्ट इतका हट्टी निघाला की ठिणगीने पान्याला लांब पाइप लावला, त्या पाइपला मी लोंबकळले, आणि बोल्ट सुटला तेव्हा आम्ही दोघं शेडच्या दारात आडवे होतो. ब्रेक बदलले, पॉवर स्टिअरिंग बसवलं, सगळी वायरिंग नवी ओढली, क्लच नवा टाकला. तू पाठवलेले दिवे लावून पाहिले तेव्हा समोरच्या घरातली म्हातारी कोण आलं म्हणून बाहेर आली. खोटं कशाला बोलू, मी फार सुखात होते. नखांत ग्रीस अडकलेलं असायचं आणि लायब्ररीत मी मुद्दाम हात टेबलावर ठेवून बसायची, कुणीतरी विचारावं म्हणून.

मग आम्ही गाडीच्या आत शिरलो. मी जुन्या जाहिरातीतलं एक चित्र शोधून काढलं होतं, कारखान्यातून निघाली तेव्हा आतून ती कशी दिसायची त्याचं. त्या चित्राशी ताडून पाहिलं तर आपल्या जीपमध्ये नुसतं भंगार भरलेलं. क्लचच्या पेडलवर एक लाकडी ठोकळा, त्याभोवती टायरचं रबर खिळ्यांनी ठोकलेलं. समोरच्या काचेशेजारच्या खांबाला जनावराच्या दाव्याचा असावा तसा चामडी पट्टा, नुसताच लोंबणारा. सीट डाव्या बाजूने तासलेली आणि उजव्या बाजूला पोत्याची घडी कोंबलेली. स्टिअरिंगपाशी एक तार, तिच्या टोकाला ड्रॉवरची मूठ. आणि सीटच्या कडेला एक लांब सळई, एका टोकाला आकड्यासारखी वाकवलेली. आम्ही हसत होतो, दादा. हे मला लिहिलंच पाहिजे. तो ठोकळा हातात नाचवत ठिणगी म्हणाला, डॉक्टर गाडी चालवायचे की सुतारकाम करायचे? आणि मी हसून हसून खाली बसले. तुला फोटो पाठवले तेव्हा तू तुझ्या दिव्यांबद्दल चकार शब्द काढला नाहीस. आतलं जे काही आहे ते बाबांना विचारल्याशिवाय काढू नकोस, एवढंच लिहिलंस. मी लिहिलं, विचारलं तर त्यांना चकित कसं करणार? तू परत लिहिलंस, तरी विचार. मी ठिणगीला म्हटलं, दादाला परदेशात राहून भंगाराची माया सुटलीय. तोवर तो सगळा ढीग भंगारवाल्याच्या टेम्पोत चढला होता.

आत्या बाबांना घेऊन आली त्या दिवशी मी अर्धी गल्ली गोळा करून ठेवली होती. बाबा काळा चष्मा लावून उतरले. बॉनेटवरून हात फिरवला, टायरवर बोटाने टकटक केली, दार उघडलं आणि आत बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, भरून आलं. छान केलंस, म्हणाले. मग थांबून म्हणाले, खूपच केलंस. मी किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि म्हटलं, एक चक्कर मारा. ते म्हणाले, डोळ्यावर ऊन येतंय. मग म्हणाले, उद्या बघू. आत्या म्हणाली, कशाला आत्ताच्या आत्ता? मी म्हटलं, आत्या, तू गप्प बस. आणि सगळ्यांच्या देखत मी म्हटलं, बाबा, घाबरलात की काय?

ते चढले. आपल्या जीपमध्ये ड्रायव्हरचा डावा पाय आधी आत जावा लागतो, तो जाईना. त्यांचा हात सवयीने खांबाकडे गेला, तिथे धरायला काही नव्हतं. मग ते पाठमोरे सीटवर टेकले आणि दोन्ही हातांनी पँट धरून तो पाय आत ओढला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मलाही वाटलं की बाबा गंमत करतायत. गाडी सुरू झाली, गचका देऊन उडाली, आणि शेडच्या खांबावर जाऊन आपटली. तुझ्या दिव्यांपैकी एक फुटला. आणि मी ओरडले. माणसाने जीव तोडून करायचं आणि तुम्ही एका क्षणात वाट लावायची, दिसत नाही तर तसं सांगायचं ना! ते तर नाहीच म्हणत होते, हे मला ओरडून झाल्यावरसुद्धा सुचलं नाही. बाबा कसेबसे उतरले, दार हलकेच लावलं, आणि जमलेल्या लोकांकडे बघून म्हणाले, बूट चावतोय. सगळे हसले. मीही हसले. बाबांचा बूट चावतो हा आपल्या घरातला हक्काचा विनोद. आई होती तेव्हा तीसुद्धा म्हणायची की या माणसाच्या पायाला जगातला एकही चांभार पुरा पडणार नाही. आपण दोघांनी त्यांना किती जोड आणले असतील, आठव. त्यातले निम्मे अजून पलंगाखाली डब्यांत पडून आहेत, तळसुद्धा मळलेले नाहीत.

त्यानंतर बाबा जीपपाशी गेले नाहीत. चढावरच्या गोठेवाल्या बाईंचा फोन आला, गाय अडली होती, वासराचा पाय मागे राहिला होता. बाबांनी येता येणार नाही असं सांगितलं. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, मी सोडते, तर म्हणाले, तुला तो रस्ता झेपायचा नाही. खरंच झेपला नसता, गाडी दुरुस्त करणं वेगळं आणि त्या दगडांवरून नेणं वेगळं. मग ते फोनवरूनच सांगत राहिले, हात कुठून घाला, दोर कसा बांधा, कळ थांबली की ओढू नका. फोन ठेवला आणि जाऊन कोपरापर्यंत हात धुऊन आले. मी दारात उभी राहून ते बघितलं. गाय वाचली, वासरू गेलं. मी गेलो असतो तरी कदाचित गेलंच असतं, असं ते जेवताना म्हणाले. मी काही विचारलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीतून आले तर बाबा शेडमध्ये. सीटच्या कडेला वाकून हाताने चाचपत होते. मला बघून सरळ झाले आणि अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाले, इथे एक सळई असायची. दादा, मी त्यांना काय उत्तर दिलं ते पुढे सांगते. आत्ता लिहायला घेतलं तर मी हे पत्र फाडून टाकीन. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि आत गेले. जाताना शेडच्या भिंतीला धरून गेले. माझ्या लक्षात आलं की आपले बाबा घरात नेहमीच कशाला तरी धरून चालतात. टेबलाची कड, खुर्चीची पाठ, दाराची चौकट. मी रोज त्यांच्याबरोबर एका घरात राहते आणि मला हे दिसलं नव्हतं. पुस्तक एक खण सोडून लागलं तर मला लांबून दिसतं.

रविवारी दुपारी ते पडले होते तेव्हा मी एक फळी घेतली आणि डाव्या पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत बांधली, गुडघा वळू नये म्हणून. ठिणगीने बघितलं असतं तर पुन्हा हसला असता. मी जीपमध्ये चढायला गेले आणि खांबाकडे हात गेला. तिथे पट्टा हवा होता. त्यात मनगट अडकवलं असतं तर अंगाचा भार वर खेचता आला असता. आपटत धोपटत आत बसले, तर ताठ पाय क्लचपर्यंत पोचून दाबायला ताकदच लागेना. तिथे तो ठोकळा हवा होता, चार बोटं जवळ. सीट डाव्या बाजूने उतरती असती तर कंबर तिकडे झुकली असती आणि पायावर वजन आलं असतं. चढावर पाय थकला तर उजवा पाय क्लचवर न्यायचा आणि इंजिनला जोर हाताने द्यायचा, त्यासाठी ती तार आणि ड्रॉवरची मूठ. आणि पाय अगदीच उठेनासा झाला तर सळईचा आकडा पेडलवर अडकवून क्लच हाताने दाबायचा. एकेक वस्तू मला अशी तिथे बसून कळली, जिथे ती नव्हती तिथे. त्यावर मी नवा क्लच टाकला होता, जुन्याहून दुप्पट कडक, आणि त्याचं ठिणगीने आणि मी कौतुक करून घेतलं होतं. मी पायाची फळी सोडवत तशीच बसून राहिले आणि मला स्वतःची इतकी शरम वाटली की बाबा उठायच्या आत शेडमधून बाहेर पडावं आणि कुठेतरी निघून जावं असं वाटलं.

ठिणगीला सगळं सांगितलं आणि आम्ही दोघं भंगारवाल्याकडे जाऊन आलो. माल केव्हाच पुढे गेला होता. ठिणगीचा चेहरा पडला, पण तो गडी कामाला लागला. आम्ही नवी सळई वाकवली, नवा ठोकळा कापला, क्लच सैल करून घेतला, पट्टा लावला, कमी पडलेलं सगळं अंदाजाने उभं केलं. मी बाबांना काही न बोलता सगळं जागेवर ठेवलं. त्यांनी बघितलं. ठिणगीला बोलावून म्हणाले, आकडा जरा आत हवा, पण काम सफाईदार आहे. त्याच्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, चला, निभावलं. पण बाबा गाडीत बसले नाहीत. गोठेवाल्यांचे फोन येतात, ते फोनवरून औषध सांगतात. तुझा फोन येतो आणि ते उठून आत जातात. मी मनाची समजूत घालत होते की वेळ लागेल. वेळ लागून काही होणार नव्हतं, कारण त्यांना झोंबलं होतं ते गाडीचं नव्हतंच.

आता लिहिते. बाबांनी विचारलं, इथे एक सळई असायची, तेव्हा मी म्हटलं, दादाने काढून टाकायला सांगितलं. असं पटकन, सहज. वर आणखी म्हटलं, मी नको म्हणत होते, पण त्याचाच हट्ट होता की आतून गाडी मूळ होती तशी दिसली पाहिजे. तू लांब आहेस, तुझ्यावर ते रागावले तरी दोन दिवसांत विसरतील, आणि मला त्यांच्यासमोर रोज बसायचं आहे, एवढाच हिशेब माझ्या डोक्यात होता. बाबा म्हणाले, त्याला तर माहीत होतं. बस, एवढंच. काय माहीत होतं ते मला कळेना, आणि विचारायची हिंमत नव्हती. परवा आत्याला फोन करून विचारलं. डोळ्यांत औषध घालता घालता तिने बाबांकडून सगळं काढून घेतलं होतं. तू शाळेत होतास, सुट्टीत त्यांच्याबरोबर गेला होतास, घोडीने त्यांच्या खुब्यावर लाथ मारली आणि त्यांना उठता येईना. ज्या डॉक्टरला उभं राहता येत नाही त्याला कोण बोलावणार, म्हणून त्यांनी तुझ्याकडून कुणाला सांगणार नाही असं कबूल करून घेतलं, आणि लंगडण्याला तेव्हापासून बूट चावतो हे कारण दिलं. त्यांना शेजारी बसवून तूच जीप घरी आणलीस, पाय पुरत नसताना. दारात आईने तुला स्टिअरिंगवर बघितलं आणि हट्टाने बापाची गाडी चालवलीस म्हणून तुला चोप दिला. तू खाल्लास आणि बोलला नाहीस. तो पहिला ठोकळासुद्धा तुम्ही दोघांनी मिळून कापला होता म्हणे. म्हणजे बाबांच्या लेखी असं झालंय, दादा, की ज्या एकाच माणसाला त्यांचा पाय ठाऊक होता त्यानेच तो त्यांच्या गाडीतून काढून फेकायला सांगितला. आणि हे कळूनसुद्धा मी दोन दिवस गप्प आहे. काल त्यांना चहा दिला, पेपर दिला, दोनदा तोंड उघडलं आणि हवापाण्याचं बोलले. सरळ उठून त्यांना सांगायचं सोडून तुला लिहीत बसले, याचं कारण मला चांगलं ठाऊक आहे. आधी त्यांना सांगितलं असतं तर ते तुझ्याशी बोलायला लागले असते, तुला काही कळायची गरज उरली नसती, आणि मी तुला पुढच्या फोनवर सांगितलं असतं की बाबांची तब्येत आता सुधारली. मी तशी आहे. म्हणून हे पत्र आधी टपालाच्या पेटीत टाकते, म्हणजे मला ते परत काढता येणार नाही, आणि मग घरी येऊन बाबांना सांगते. तू माझ्याशी हवं तितके दिवस बोलू नकोस, मी फोन उचलला की ठेवून दे. पण त्यांना फोन करायचं सोडू नकोस.

तुझीच,
धाकटी